कुणाकडं आलात?

एसटीच्या खिडकीतून तळ्यात डुंबणाऱ्या म्हशी दिसल्या, आवडल्या, म्हणून मी वाटेतल्याच गावात उतरलो. स्टँडसमोरच्या हॉटेलात बाकड्यावर बसलेले चौघे बोलायचे थांबले. त्यांतल्या टोपीवाल्या गृहस्थांनी विचारलं, "कुणाकडं आलात?"

शहरात आपण कुणाकडेही न येता जन्मभर राहतो, कुणी विचारत नाही. इथे मात्र माणूस गावाला येतच नाही, कुणाकडे तरी येतो. म्हशींकडे आलोय, असं सांगायचा धीर होईना. मग मी हुशारी केली. "इनामदारांकडे," असं ठोकून दिलं. अशा गावात एखादे इनामदार असायचेच.

होते. "मीच की," टोपीवाले म्हणाले.

बाकड्यावर कुणी हसलं नाही. इनामदार उठले, माझी पिशवी उचलून चालू लागले. मी मागोमाग. पळावं म्हटलं, तर पिशवी त्यांच्या हातात.

घरी त्यांच्या पत्नीने पाण्याचा तांब्या पुढे केला. "कोण हो हे पाहुणे?"

"आपल्याकडं आलेत," पिशवी खुंटीला अडकवत इनामदार म्हणाले. "कशाला, ते त्यांनाच विचार."

मी तांब्या तोंडाला लावला आणि पाणी संपल्यावरही बराच वेळ खाली घेतला नाही.