कोराडीच्या गेटवरची गाडी

बाबांशी मी खोटं बोललो, हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

रामदासपेठेतल्या ऑफिसात बसून मी भाड्याच्या इलेक्ट्रिक गाड्या सांभाळतो. आमच्या गाड्यांना अजून ड्रायव्हर आहेत. पण कोणती गाडी कुठे उभी राहील, कधी चार्जिंगला लागेल, ते मी स्क्रीनवरून ठरवतो. नकाशावरचे हिरवे ठिपके दिवसभर सोबतीला असतात. घरी तेवढंही कोणी नाही.

बाबा कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. आई गेल्यापासून तिथेच घरात एकटे. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला रामदासपेठेत यायचे. त्यांना मोबाइलवर बुकिंग जमत नाही, म्हणून त्या सकाळी मी एक गाडी पूर्ण चार्ज करून त्यांच्या गेटसमोर उभी करायचो. स्वतः कधी गेलो नाही. गाडी पाठवली की मुलगा म्हणून माझं काम झालं, असं धरून चाललो होतो.

दिवाळीच्या तोंडावर, नेमकी त्यांच्या इंजेक्शनच्या दिवशी, गांधीबागेत कापडाच्या खरेदीला गर्दी उसळली. गाड्या पुरेनात. स्क्रीनवर कोराडीची गाडी रिकामी दिसत होती. बाबा गेटवर यायला वेळ आहे, तोवर एक फेरी होईल, म्हणून ती मी तिकडे वळवली. आणि विसरलो.

दुपारी फोन आला. "काहून गा, गाडी नाही आली? मी सकाळपासून गेटवर उभा राहून राहिलो."

"चार्ज संपला, बाबा."

ते हसले. "कोराडीत लाइट संपली म्हणतं? मंग आमी जन्मभर काय राखच उडवली का गा?"

इंजेक्शन चुकलं. पुढची तारीख उशिराची मिळाली. त्या डोळ्याला आता मधोमध धूसर दिसतं. उशिरामुळेच झालं असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला सांगता येतं.

त्याहून जास्त लागलं ते हे, की चार्ज संपल्याचं बाबांनी खरं मानलं. ड्रायव्हर मला म्हणाला, "सर, काका एसी लावूच देत नाही. म्हणते, चार्ज वाचव गा, पोराले अडचण होते."

गेल्या महिन्यात तर त्यांनी गाडी गेटवरूनच परत पाठवली आणि बसने आले, एका डोळ्याने पाट्या वाचत. दवाखाना माझ्या ऑफिसच्या मागच्याच गल्लीत आहे. मला कळवलंही नाही; ड्रायव्हरकडून कळलं. मी कामात असेन म्हणून. कळवलं असतं तर मी खाली उतरलो असतो का, तेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

गाडीत चार्ज होता, ती मीच काढून घेतली, हे कोराडीला जाऊन, त्यांच्यासमोर बसून सांगायचं राहिलंय; तेवढं त्यांचं देणं मी अजून लागतो.