आक्कांचा उपाशी पट्टा

तुम्ही चहा घ्या हो, मी माझ्याच तोंडानं माझी फजिती सांगतो. दुसरा कुणी सांगेल तर तिखटमीठ लावून सांगेल. तसं लावायला जागा उरलेली नाही म्हणा!

इंग्रजांचा अंमल होता. मी टिळकवाडीचा, शेतकी खात्यात नवा चिकटलेला, अजून कायम न झालेला. वडिलांनी बजावलं होतं, नोकरी कायम झाल्याशिवाय लग्नाचं नाव काढायचं नाही. आणि मुलगी तर माझ्या मनात भरलेली! आता सांगा, जीव टांगणीला लागणार नाही तर काय?

निपाणीजवळच्या एका गावात आक्कांची तंबाखूची शेती होती. पन्नाशीची बाई, पण कामाला दहा गड्यांना भारी. त्यांच्या रानात मला शेजारी शेजारी दोन पट्टे आखायचे होते. लावणीआधी एकात विलायती खत टाकायचं, दुसऱ्यात काहीच नाही, म्हणजे खताचा गुण डोळ्यांना दिसतो. मी खत टाकलं, दोन्हीकडे पाट्या ठोकल्या.

आक्का बिनखताच्या पट्ट्याकडे बघत म्हणाल्या, "आणि ह्याला वो, अण्णा?"

"ह्याला काही नाही."

"का? ह्यानं काय पाप केलंय?"

"आक्का, प्रयोग आहे. ह्याला उपाशीच ठेवायचं."

"एकाला वाढायचं न् दुसऱ्याला बघत बसवायचं व्हय? बरं हाय तुमचं!"

मी हसलो. हसायला नको होतं.

पुढच्याच आठवड्यात मला हिवताप आला आणि मी घरी जाऊन पडलो. ताप उतरला, पण घरचा मऊ भात काही सुटेना. इकडे साहेबांना दर आठवड्याला अहवाल हवा. मी पाठवायचो की! 'खताचा पट्टा जोमात, बिनखताचा खुरटलेला.' पुस्तकात तसंच लिहिलं होतं, मग पिकाची काय बिशाद?

साहेब इतके खूश झाले, की स्वतः बघायला निघाले.

त्या दिवशी सकाळी मी त्यांच्या आधी रानात पोचलो. खताचा पट्टा बरा होता. पण बिनखताचा? सुपाएवढी पानं! माझे सगळे अहवाल खोटे, म्हणजे नोकरी गेली, मुलगीही गेली. मी काय केलं असेल? पाट्या उपटल्या आणि अदलाबदल करून ठोकल्या.

साहेब आले, पाटी वाचली, पानं चाचपली. "शाबास! तुम्ही कायम झालात असं समजा." मला तिथंच मांडव दिसायला लागला.

साहेब आक्कांकडे वळले. "काय बाई, खत आवडलं का?"

आक्कांना अक्षरओळख नव्हती. पाटीशी त्यांना काय करायचंय?

"खत? ह्यात कुठलं खत, साहेब? ह्योच की उपाशी पट्टा! मला बघवंना. अण्णा तापानं पडले, तवा लावणीआधी धनगराची मेंढरं बसवली तीन राती. लेंड्या कुळवून मातीत घातल्या. तुमचं ते मिठागत खत पल्याडच्या पट्ट्यात."

साहेबांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाटी चुकली असेल," मी पुटपुटलो.

"चुकली न्हाय वो," आक्का मायेनं म्हणाल्या, "सकाळी तुम्हीच न्हाय का हिकडं ठोकली? दगड म्याच दिलता न्हवं!"

साहेबांनी पाटी उपटून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी तीन पट्टे. एकात खत, एकात मेंढरं, एक उपाशी. उपाशी पट्ट्यावर तुम्ही स्वतः पहारा करायचा. कायम करायचं ते त्यानंतर बघू."

झालं! पुढच्या वर्षी मी बांधावर, आक्कांपासून पट्टा राखत बसलेला. दुपारी आक्का टोपली घेऊन आल्या.

"पट्ट्याला हात लावत न्हाय मी," त्यांनी भाकरी माझ्यापुढं ठेवली, वर लोण्याचा गोळा. "पर राखणदाराला उपाशी ठेवा, असं साहेब म्हणले न्हाईत."

असं रोज, पीक निघेपर्यंत. त्या वर्षी अहवाल मी डोळ्यांनी बघून लिहिला, कायम झालो, लग्नही ठरलं. मांडवात सासरे माझ्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "जावईबापू चांगलेच भरलेत! तालमीत जाता वाटतं?"

काय सांगणार त्यांना? उपाशी पट्ट्यावर वाढलोय म्हणून?