चुकीखालचं नाव

आमची मावशी हट्टी. आई म्हणायची, तिच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी घाला, भिंत निदान उलटून बोलत नाही. अशा बाईने दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका कवीची पत्रं संपादित करण्यात एकोणीस वर्षं घालवली. कवितेत चांदणं नि विरह, पत्रांत मात्र फाटक्या बुटांची रडगाणी. बऱ्याच पत्रांवर दिवस-महिना असायचा, वर्ष नसायचं. ते मावशीने शाईवरून, अक्षरावरून ठरवायचं.

पहिल्या खंडात असंच एक पत्र आहे. कवी मित्राला शेजारणीच्या टोपीची गंमत सांगतोय. अक्षर कापरं. मावशीने ताडलं, हे त्याच्या दारूच्या वर्षातलं. आता त्याच वर्षी त्याची एकुलती एक लहान मुलगी, छोटी, गेलेली. हिशेब केला तर पत्र तिला पुरल्यानंतर नवव्या दिवशीचं निघालं. खंड छापला गेला आणि जो तो म्हणू लागला, काय दगडाच्या काळजाचा माणूस, पोर मातीआड गेली आणि ह्याला टोप्या सुचतायत. शाळेच्या पुस्तकातसुद्धा तसं आलं.

इतकी वर्षं तिने काम केलं ते पत्रांच्या फोटोंवरून. तिसरा खंड छपाईला जाण्याआधी ती संग्रहालयात मूळ पत्रं पाहायला गेली. ह्या पत्राची कड आत दुमडलेली होती. तिथल्या बाईने ती अलगद उलगडली. आत एक ओळ होती: ‘अक्षराला हसू नकोस, छोटी मांडीवर बसून माझं कोपर हलवते आहे.’

घरी आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली. “एका बापाला मी बारा वर्षं बदनाम केलं गं,” म्हणाली आणि रडली. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती प्रकाशकाकडे गेली. तिसऱ्या खंडाच्या प्रुफांवर तिची सही तेवढी व्हायची होती. तिने गठ्ठ्यावर हाताने लिहिलेलं एक पान ठेवलं. चूक काय, कशी झाली, कोणाची. “हे सगळ्यात आधी छापा,” म्हणाली.

“बाई, आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेता?” प्रकाशक म्हणाला. “पुढच्या आवृत्तीत गुपचूप बदलू. तो काय तक्रार करायला येणार आहे?”

“येणार नाही. म्हणून तर मी आलेय.”

“संपादकच म्हणाला मी चुकलो, तर बाकीच्या पत्रांवर कोण विश्वास ठेवेल? हे पान हवं असेल तर पुस्तकावर तुमचं नाव घालता येणार नाही. ‘संपादक मंडळ’ टाकू.”

कसलं डोंबलाचं मंडळ! मी तोंड उघडणार तोच मावशीने माझा हात दाबला.

“टाका,” ती म्हणाली. “पण चुकीखाली माझंच नाव राहील. ती मंडळाने केलेली नाही.”

त्याने प्रुफांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. तिने सही केली.

पुस्तक आलं. मुखपृष्ठ, प्रस्तावना, सगळं धुंडाळलं. सातशे पानांत मावशीचं नाव एकदाच, ‘ही चूक माझी’ ह्या ओळीखाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशी मात्र घरी येईल त्याच्यापुढे तेच पान उघडून धरते.

“वाचा,” म्हणते. “बाप पोरीला मांडीवर घेऊन बसलाय.”