मापवाल्या काकूंचा नियम

मापवाल्या काकू रस्त्यात कुणालाच ओळख दाखवत नसत. गुलमंडीमागच्या एका गल्लीत त्यांचं बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान होतं आणि अर्ध्या शहराची मापं त्यांना तोंडपाठ होती. पण त्यांतलीच एखादी बाई भाजीच्या गाडीवर शेजारी येऊन उभी राहिली, तर काकू कोथिंबिरीच्या जुडीत डोकं घालायच्या. "दुकानाच्या पायरीखाली मी कुणाची कुणी नाय," म्हणायच्या. "घरच्यांनी इचारलं ही कोण, तर बाई काय सांगणार?" या नियमामुळेच बायका त्यांच्याकडे निर्धास्त यायच्या. आणि आता तो नियम आठवला की मला स्वतःचं तोंड आरशात बघवत नाही.

गळ्यात टेप असायची, पण ती नुसती शोभेला. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत काकूंचं माप घेऊन झालेलं असे. "बत्तीस घालतीस, चौतीस पायजे. श्वास घे की जरा!" करमाडहून, पाचोडहून एसटीने आलेल्या बायका दारात उभ्या राहून पदराशी चाळा करायच्या. काकू त्यांना तोंडातून एक शब्द काढायला लावायच्या नाहीत. बरोबर हवं ते वर्तमानपत्रात गुंडाळून हातात द्यायच्या. मला पहिल्यांदा आई घेऊन गेली तेव्हा मी आठवीत होते. आई सगळा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

नणंदेच्या रिसेप्शनसाठी मी अंगाबरोबरचा गाऊन शिवला आणि त्यातून आतल्या कपड्याच्या कडा दिसायला लागल्या. काकूंच्या कानाशी जाऊन मी कुजबुजले. "थाँग पायजे म्हण की सरळ! चोरी करतीस का?" असं म्हणून त्यांनी तीन प्रकार काउंटरवर मांडले. एकाला मागे नुसती दोरी, दुसऱ्याला बोटभर पट्टी, तिसऱ्याला कमरेशी रुंद लेस आणि मागे जरा बरं कापड. "दोरीवाली नको, बसता-उठता काचती. ही लेसवाली घे. अन् मधला जोड सुती हाय का, ते आधी बघायचं."

"काय एकेक नवी फॅडं," मी उगाच म्हणाले. काकू हसल्या. "नवं कुठलं? तालमीतला लंगोट बघितला नाय का कधी? त्यालाच फॉरेनवाल्यांनी लेस लावली अन् खोक्यात घालून आपल्याला पाठवला. पैलवानाचा लंगोट चारचौघांत दोरीवर वाळतो, कुणी मान खाली घालत नाय. आपलं वाळलं की घराची अब्रू जाती." मग बोटांवर मोजत बजावलं, "फायदा एकच, कडा दिसत नाय. तोटे लई. मे महिन्यात घालू नको, स्कूटीवर घालू नको, पाळीत तर नायच. दोन तासांची पाहुणी हाय ती. तिला घरची करू नको."

मी तिला घरची केली नाही, पण वाळत मात्र घरच्या रीतीनेच घातली. आमच्याकडे साड्या, चादरी, पायपुसणीसुद्धा गच्चीवर उन्हात. बायकांचे आतले कपडे तेवढे मोरीतल्या तारेवर, टॉवेलखाली. सासूबाईंचेही तसेच. ते कधी पुरते वाळत नसत. आठवड्याभरात अशी खाज सुटली की वर्गावर उभं राहून शिकवणं मुश्कील झालं. डॉक्टरकडे जायची लाज, म्हणून गेले काकूंकडे.

काकू भडकल्या. "चड्डीचा दोष कमी, तुमच्या टॉवेलचा जास्त! हर्सूलच्या जेलातल्या माणसालाबी घटकाभर ऊन मिळतं. त्या चिंधीनं काय गुन्हा केला? मधला सुती जोड उन्हाकडे वळवून वाळत घालायचा, ध्यानात ठेव!" आणि भर दुपारी दुकानाचं शटर ओढून मला लेडी डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तपासायच्या खोलीबाहेर मी घामाघूम झाले होते. माझा हात त्यांनी मांडीवर धरून ठेवला. "असल्या तपासणीला एकटीनं जाऊ नाय. बाईजवळ एक बाई पायजे." त्या अशा कितीजणींबरोबर गेल्या असतील, कोण जाणे. परतताना कोपऱ्यावर त्यांनी माझा हात सोडला आणि वळूनही न बघता गेल्या. पायरी संपली होती.

काकूंचे यजमान कधीच गेले होते. मुलगा पुण्यात होता. आईचं होजिअरीचं दुकान आहे, एवढंच तो लोकांना सांगायचा. पुढे पोरी मोबाइलवरून मागवायला लागल्या, दुकान ओस पडत गेलं. मीही मोबाइलवरूनच मागवायला लागले होते.

मागच्या वर्षी सासूबाईंचे गुडघे दाखवायला त्यांना दवाखान्यात घेऊन गेले होते. समोरच्या बाकावर काकू बसलेल्या. वाळून अर्ध्या झालेल्या, मांडीवर फाइल. नर्स बाहेर आली. "काकू, आतली तपासणी आहे. सोबत कुणी लेडीज?" काकूंनी मान वर केली. त्यांना मी दिसले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, पायरीखाली, त्यांनी माझ्याकडे बघून हात उचलला.

मी सासूबाईंकडे बघितलं. ही कोण म्हणून विचारलं तर काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात आलं. सासूबाई नंबरच्या पाटीकडे बघत होत्या, एकटक. मीही पाटीकडे बघायला लागले. काकूंनी उचललेला हात केसांवरून फिरवला, जणू त्यासाठीच उचलला होता. "नाय कुणी," त्या नर्सला म्हणाल्या. "एकटीच हाय." आणि भिंतीला धरत आत गेल्या.

दोन महिन्यांनी पेपरात त्यांचा फोटो आला. खाली नाव होतं. ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सासूबाई ते पान बराच वेळ हातात धरून बसल्या होत्या. "ओळखीच्या होत्या का?" मी विचारलं. "छे," त्या म्हणाल्या. "तुझ्या?" मी म्हणाले, "नाही." दहाव्याला गेले नाही. कोण म्हणून जाणार होते?

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. तारेवर सासूबाईंचे आतले कपडे होते. वर टॉवेल नाही, काही नाही. उघड्या उन्हात, हारीनं. मधला सुती जोड काळजीपूर्वक उन्हाकडे वळवलेला. तसा वळवायला एकच बाई शिकवत असे. मी बादली हातात घेऊन तशीच उभी राहिले. सासूबाई जिन्यात दिसल्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या खाली गेल्या.

काकूंना त्या दिवशी एक बाई हवी होती. आम्ही दोघी होतो.