हिवरखेडच्या पुढे, चुकीच्या जागी ‘हूं’

१८ जानेवारी. बरेच महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा. कुणी विचारलंही नाही, ही गोष्ट वेगळी.

कोरकू भाषेच्या ॲपसाठी गोष्टी रेकॉर्ड करायला माणूस हवा होता. ॲप बनवणारा मित्र प्रशांत म्हणाला, “तू रिकामाच आहेस.” मला कोरकू येत नाही. मग मी कशाला लुडबुड करायची, हा प्रश्न सोबत घेऊनच अमरावतीहून अकोटच्या एसटीत बसलो. बोलावणं मात्र खरं होतं. अकोटला शिवणकाम करणाऱ्या निर्मलाला तिच्या आईची गोष्ट ॲपवर हवी होती. तिची सहा वर्षांची मुलगी परी आजीला मराठीतच उत्तर देते. आजीबरोबर गोष्टही जाईल, ही निर्मलाची धास्ती.

अकोटला स्टँडबाहेर आलूबोंडा खाऊन घ्या, पुढे फारसं काही मिळत नाही. हिवरखेडची काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे गप्पांना वेळ असतो.

“कुठं चालले भाऊ?” ड्रायव्हरने विचारलं.

“कोरकू गोष्टी गोळा करायला.”

“काहून? त्यानं नोकरी लागते?”

“नाही.”

“मंग रिकाम्या मानसाचंच काम हाय थे.”

प्रशांतचं आणि त्याचं मत एकच पडलं.

मेळघाटातून खाली आणून वसवलेली वस्ती हिवरखेडच्या पुढे आहे. निर्मला परीला घेऊन आधीच आली होती. तिची आई रामकलीबाई अंगणात बसल्या, मी फोन समोर ठेवला. त्यांनी एक वाक्य सांगितलं आणि माझ्याकडे बघत थांबल्या. मीही बघत राहिलो.

“सर, हुंकार द्या,” निर्मला म्हणाली. “समोरच्यानं हूं म्हटल्याबिगर माय पुढं सांगत नाही.”

“ॲपला एकच आवाज चालतो. दुसरा आला की गोष्ट परत पाठवतं.”

“मंग हा फोन देते काय हुंकार?” रामकलीबाईंनी विचारलं.

मी नुसती मान हलवू का, असं सुचवून पाहिलं.

“गोष्ट अंधारात सांगतेत. मुंडकं कोनाले दिसते?”

शेवटी ॲप बंद करून साध्या रेकॉर्डरवर मी हूं हूं करत बसलो, अर्थ न कळता. एकदा फारच उत्साहाने ‘हूं’ म्हटलं, तर रामकलीबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. गोष्टीत तिथे अस्वल मेलं होतं, हे निर्मलाने मला नंतर स्टँडवर सोडताना हळूच सांगितलं.

परी दारात शेंगा सोलत होती. “कळली का गोष्ट?” मी विचारलं.

“मले नाही येत कोरकू.”

घरी येऊन रेकॉर्डिंग निर्मलाला पाठवलं आणि ॲपवरही चढवलं. दुसरा आवाज सापडला म्हणून ॲपने गोष्ट परत पाठवली. हात हलवत परतलो, असंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निर्मलाचा फोन आला.

“सर, परीनं ते रेकॉर्डिंग ऐकलं. विचारून राह्यली, अस्वल मेलं तं काका खुश काहून झाले?”

“अस्वल मेलं हे तिला कोणी सांगितलं?”

“कोनीच नाही,” निर्मला म्हणाली. “आता रेकॉर्डिंग लावलं का तुमच्या अगोदर थेच हूं म्हनते. बराबर जागी.”

उद्याचं काम: प्रशांतला सांगणे, माझे सगळे ‘हूं’ काढ, पण तेवढी जागा मोकळी राहू दे.