तेरातेजी सरेपर्यंत

बायकोच्या उजव्या डोळ्यातला पडदा सुटायला लागलाय, हे सौदीतल्या जिझानच्या इस्पितळात एका रविवारी सकाळी कळलं. इजिप्तच्या डॉक्टरांनी कागदावर गोल काढून दाखवला. मधला भाग अजून चिकटलेला आहे, तोवर नजर वाचेल. तो सुटला की ऑपरेशन करूनही अक्षरं दिसायची नाहीत. उद्या सकाळी सात वाजता या, पहिलाच नंबर तुमचा. विम्याची मंजुरीसुद्धा तासाभरात आली, तेव्हा नशीब जोरावर आहे असं मला वाटलं.

मग मी बाहेर येऊन आईला फोन केला. मुलाने आईला नाही कळवायचं तर कुणाला?

आई रायगडात, खाडीकाठच्या आमच्या गावी. "उद्या? येडा झालास का? तेरातेजी चाललीय." सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस आमच्याकडे वाईट मानतात. लग्न नाही, प्रवास नाही, नवी होडी पाण्यात सोडायची नाही. इथे सौदीत मला कुणी तेरातेजी पाळताना दिसलं नाही, आणि इतक्या वर्षांत मीही ती विसरलो होतो. पण माझे वडील हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला तेरातेजीतच गेले आणि घरी परत आले नाहीत. आई फोनवर रडली नाही, नुसती गप्प राहिली. त्या गप्प राहण्यापुढे माझी अक्कल टिकली नाही.

डॉक्टरांना हे सांगायची लाज वाटली. कफील, म्हणजे माझा इथला मालक, रजा देत नाही, असं मी ठोकून दिलं. बिचाऱ्या कफीलने "यल्ला, जा, बायकोकडे बघ," म्हणून आठवडाभराची रजा कधीच देऊन टाकली होती आणि मी खापर त्याच्याच डोक्यावर फोडलं. डॉक्टर चिडले. उशिराची जबाबदारी माझी, असा कागद पुढे केला. मी सही केली आणि गुरुवार मागून घेतला, कारण इथल्या चंद्राप्रमाणे तेरा दिवस बुधवारी सरत होते.

"उद्याच करू या ना," बायको म्हणाली. मी गुरुवारच्या वेळेची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. मग तीच म्हणाली, "बरं, तुमी ठरवा."

बुधवारी दुपारी आईचा फोन. "गुरवारी नको. आपल्याकडं चाँद एक दिस मागं हाय. तेरावा दिस गुरवारी."

मी वैतागलो. "आई, ऑपरेशन हितं हाय. चाँद हितलाच धरायचा."

"आनि सून कुठली? आपलीच ना?"

यावर उत्तराची गरजच नव्हती, गरज फोन ठेवून द्यायची होती. मी गुरुवार रद्द केला. शुक्रवार-शनिवार ऑपरेशन थिएटर बंद, म्हणजे थेट रविवार. गुरुवारी तेरातेजी सरली म्हणून आईने गावात घुगऱ्या वाटल्या, त्याचा फोटो पाठवला. पातेलंभर वाफाळते हरभरे होते. मी उलट अंगठ्याचं चिन्ह पाठवून खूष असल्याचं कळवलं.

बायको रोज डावा डोळा हाताने झाकून माझ्याकडे बघायची आणि "दिसताय," म्हणायची. शुक्रवारी नमाजहून आलो तेव्हा तिने भात वाढता वाढता तसंच केलं आणि हातातला डाव खाली ठेवला.

"मना तुमचा तोंड दिसत नाय. कान दिसतात नुसते."

मी तिला गाडीत घालून इस्पितळात नेलं. ड्यूटीवरच्या डॉक्टराने तपासलं, मधला भाग सुटला म्हणाला. रविवारी सातला ऑपरेशन झालं. पडदा जागेवर बसला, पण नजर आली नाही. उजेड आणि सावली, एवढंच. "गुरुवारी आला असतात तर," डॉक्टर बोलायला लागले आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबले.

आईला कळवलं. "बघ, थांबलो तेच बरं झाला," ती म्हणाली. "तेरातेजीत केला असता तर जिवावर आला असता." मी हो म्हणालो. तिच्यावर ओरडण्याचा हक्क मी त्या कागदावर सही करतानाच घालवला होता.

घरी आल्यावर चारेक दिवसांनी बायको माझ्यासमोर येऊन बसली.

"खरं सांगा. थांबलो नसतो तर नजर ऱ्हायली असती?"

"नाय," मी म्हणालो. "डॉक्टर म्हनाला, ती जायचीच होती."

तिने मोठा श्वास सोडला. माझा हात हातात घेतला.

"मी इतके दिस तुमच्या आईवर राग धरून व्हते. तुमच्यावर पन. मना माफ करा."

"जाऊ दे," मी म्हणालो आणि तिला माफ केलं.