डिझर्व्ह्ड की रिझर्व्ह्ड

सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं. द सीट वॉज, मग रिकामी जागा, मग फॉर हर. खाली दोन शब्द. डिझर्व्ह्ड आणि रिझर्व्ह्ड. पहिल्याचा अर्थ लायकीनं मिळालेली. दुसऱ्याचा अर्थ राखून ठेवलेली.

बँकेच्या परीक्षेत असे प्रश्न असायचे. दिसायला सारखे दोन शब्द, त्यातला वाक्यात बसेल तो निवडायचा. रोज आम्ही पुस्तकातलं एकेक पान सोडवायचो. हे वाक्य पुस्तकातलं नव्हतं. सरांनी ते मनानं रचलं होतं. आणि सरळ मला उभं केलं.

मी म्हटलं, रिझर्व्ह्ड.

"सही है," सर म्हणाले. "यही शब्द तुम्हारा है. डिझर्व्ह्ड इन लोगों के लिए छोड़ दो."

वर्ग हसला. मी खाली बसले. उत्तर बरोबर होतं, आणि मान खाली माझीच.

बनारसमध्ये आरक्षणाविरुद्ध मोर्चे निघत होते ते दिवस. माझा बाप रेल्वेत खलाशी, म्हणजे हाताखालचा कामगार. अकोल्याकडून बदली होऊन आलेला. दुर्गाघाटाच्या गल्लीत एक मराठी सर इंग्रजी शिकवतात, हे कळल्यावर त्याला कोण आनंद झाला. आपल्या बोलीचा माणूस आहे, जीव लावून शिकवील, म्हणाला. पहिल्या दिवशी धुतलेला सदरा घालून तो स्वतः मला सोडायला आला.

सरांचं घराणं पिढ्यान् पिढ्या काशीत. त्यांनी मराठीत स्वागत केलं. मग आडनाव विचारलं. मग गाव. गावात घर कुठल्या बाजूला, तेही विचारलं. बापानं खरं ते सांगितलं. त्यानंतर सर माझ्याशी मराठी बोलले नाहीत. वर्गात आणखी तीन मराठी मुली होत्या, दुर्गाघाटावरच्या, सरांच्याच जातीच्या. त्यांच्याशी मराठी. माझ्याशी हिंदी. मी मराठीत शंका विचारायचे, ते हिंदीत उत्तर द्यायचे. आईकडून मिळालेली भाषा, तीसुद्धा ह्या माणसानं माझ्यापुरती बंद केली. मी महिनाभर ते गिळलं. शिकायचं होतं ना.

त्या संध्याकाळी बाप ड्यूटीवरून आला. आज काय शिकली, त्यानं रोजच्यासारखं विचारलं. खोटं बोलायचं ठरवलं होतं. नाही जमलं. सगळं सांगितलं. दोन्ही शब्दांचे अर्थ सांगितले. बापाला इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"उत्तर बरोबर होतं ना?"

"हो."

"मंग खाली काऊन बसली?"

तो रागावला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. मलाही सांगता येईना. रात्रभर तोच प्रश्न. ते हसले, तर बसले मी का?

दुसऱ्या दिवशी सर खडू घेऊन वळले, तशी मी उभी राहिले. मराठीत म्हटलं, "सर, काल माझं उत्तर बरोबर होतं. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते सांगा. माझ्याशी मराठीत बोलून सांगा."

"बैठ जाओ."

"बसणार नाही."

सरांनी माझ्याकडे पाठ केली आणि शिकवायला लागले. ॲक्सेप्ट आणि एक्सेप्ट. स्वीकारणं आणि वगळणं. मी उभीच. मागच्या पोरानं ओढणी ओढली. मी उभीच. तास संपेपर्यंत सरांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पण दोनदा वाक्य चुकले. पुसलं, पुन्हा लिहिलं. जाताना म्हणाले, कल से मत आना.

बाहेर गल्लीत त्या तीन मुलींपैकी एक धावत मागे आली. आजूबाजूला बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "तुझंच बरोबर होतं गं."

"हे वर्गात म्हणायचं होतंस," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. मी तशीच पुढे गेले. वाईट वाटलं, पण वळले नाही.

पुढं घरीच अभ्यास केला. पहिल्या परीक्षेत नापास झाले, तेही इंग्रजीतच. बाप आठवडाभर नीट जेवला नाही. दुसऱ्यांदा पास झाले. राखीव जागेवर नोकरी लागली. लपवत नाही. कुणी कुत्सितपणे विचारलं तर हो म्हणते, आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहते.

आज बँकेत अधिकारी आहे. अजूनही कुणी जिन्यात गाठतं. इकडंतिकडं बघून कुजबुजतं, मॅडम, आज साहेब तुम्हाला बोलले ते चूकच होतं. मी त्याला हाताला धरून साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत नेते. म्हणते, आत चल. तिथं बोल. बहुतेक जण हात सोडवून घेतात. घेऊ देत. मी दार ढकलून आत जाते.